कान बघितला का?

कराड,
२० जुलै

चि. सौ. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचल्याचं आईने फोनवर सांगितलंच आहे. इथे पाऊस चांगला आहे. प्रीतिसंगमावर खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्यात. तुझ्या खोलीच्या खिडकीची फळी फुगलीय, सुताराला सांगितलंय. मामींचा गुडघा आहे तसाच.

विमानतळावर तू वाकून नमस्कार केलास, पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस. ते मला मुंबईपर्यंत पुरलं. इराला तू देतेस त्या झोपेच्या गोळीबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, असं आईला कबूल करून लिहायला बसलोय. तेव्हा आधी दुसरंच लिहितो.

सहा महिने अमेरिकेत तुझ्या घरी राहिलो आणि तू दिवसभर काय काय ओढतेस ते डोळ्यांनी बघितलं. सकाळी सातला लॅपटॉप उघडायचा, मध्येच इराचा डबा, दुपारी तिला शाळेतून आणायचं, रात्री भाकरी. त्या विजेच्या शेगडीवर भाकरी फुगवणं आईलाही जमलं नाही. पुण्याला इंजिनिअरिंगला निघालीस तेव्हा एसटी स्टँडवर मी तुला सांगितलं होतं, पैशाची काळजी करू नकोस. तू म्हणालीस, बाबा, तुम्ही दुकानाची करा. तीच मुलगी आज परमुलखात एवढं सांभाळते, हे मी इथे चार जणांना सांगतो. तुझ्या तोंडावर कधी सांगितलं नाही, ते आता लिहून ठेवतो.

आणि तू त्या रात्री म्हणालीस तेही बरोबर होतं. "बाबा, तुम्ही उद्या विमानात बसाल. रात्री दीडला उठून तिच्याजवळ बसायचं आहे मला, आणि सातला माझी मीटिंग आहे." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे तू लहानपणापासून बघतेस. निखिलराव मध्ये पडले नसते तर मी आणखी काही बोललो असतो. मी म्हणालो, पोरीला गुंगीचं औषध देतेस. ते चुकीचं होतं. बापाचं म्हणून सोड, पण छत्तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाने ते म्हणायला नको होतं. त्या गोळीतलं मेलाटोनिन हे गुंगीचं औषध नव्हे. अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी ते स्वतःच सोडते आणि रात्र झाल्याचं शरीराला कळतं. १९५८ साली येल विद्यापीठातल्या अॅरन लर्नर नावाच्या डॉक्टरांनी ते गुरांच्या ग्रंथींमधून वेगळं काढलं. ते त्वचेचे डॉक्टर, कातडीच्या रंगाचं कोडं सोडवायला निघाले होते आणि हाती लागलं हे. काही मुलांना त्याचा खरंच उपयोग होतो, ऑटिझम असलेल्या मुलांना तर विशेष. थोडे दिवस, थोडी मात्रा, डॉक्टरच्या नजरेखाली असेल तर माझी हरकत नाही. त्या शब्दाबद्दल मला माफ कर.

म्हणजे लिहिलंच शेवटी गोळीबद्दल. आता अर्धवट ठेवत नाही.

भांडण का झालं ते तुला नीट सांगितलंच नाही मी. आदल्या संध्याकाळी तू मीटिंगमध्ये होतीस, आई बॅगा भरत होती. स्वयंपाकघरात स्टूल ओढल्याचा आवाज आला म्हणून गेलो, तर इरा ओट्यावर गुडघे टेकून बसलेली. हातात ती जांभळी बाटली. झाकण दाबून फिरवायचं असतं ना, ते तिला निम्मं कळलं होतं. दोन्ही तळव्यांनी दाबत होती, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली, पण फिरवताना हात सैल पडत होता. मला बघून अजिबात दचकली नाही. बाटली पुढे करून म्हणाली, "आबा, उघडून दे ना. आईची झोपेची कँडी. स्ट्रॉबेरीची आहे, तुला पण देते."

बाटलीतून वास खरंच स्ट्रॉबेरीचा येत होता. अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या, वर साखर. औषध मुलाला गोड लागू नये असं मी म्हणत नाही, सिरपं आपणही गोडच विकली. पण गोळीला कँडी म्हणू नये गं. आम्ही गिऱ्हाइकाला हे रोज सांगायचो. अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याची २०१२ साली ८,३३७ प्रकरणं आली होती, २०२१ साली ५२,५६३. बहुतेकांना काही झालं नाही, हेही त्या आकडेवारीतच लिहिलंय, म्हणून घाबरू नकोस. पण काहींना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालतो. फ्रिजवर चिकटवून ठेव.

बाटलीवर एका गोळीत एक मिलिग्रॅम लिहिलंय. तू आधी एक द्यायचीस, मग दोन, आणि मे महिन्यापासून तीन, हे तूच आईला सांगितलंस. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने हे औषधात धरत नाहीत, पूरक आहारात धरतात. त्यामुळे विक्रीआधी सरकार तपासत नाही. इंग्लंडमध्ये हीच गोष्ट डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. २०२३ साली अमेरिकेतल्याच वैद्यकीय मासिकात एक तपासणी आली होती. अशा चघळायच्या गोळ्यांच्या पंचवीस बाटल्या तपासल्या, त्यातल्या बावीस बाटल्यांमध्ये लेबलवरचा आकडा आणि आतला माल जुळला नाही. कुठे लिहिल्याच्या ७४ टक्के निघालं, कुठे ३४७ टक्के, आणि एका बाटलीत तर मेलाटोनिनच नव्हतं. मग तुझ्या तीन म्हणजे नक्की किती? तुला माहीत नाही, मलाही नाही. आपल्याकडे औषधाच्या नावापुढे आयपी, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मानकाची खूण, असतं, ते मी तुला शाळेत असताना दाखवलं होतं. तसा अमेरिकेत काही बाटल्यांवर 'यूएसपी व्हेरिफाइड', म्हणजे तिथल्या औषध-मानक संस्थेने तपासल्याचा, शिक्का असतो, निदान तो बघून घे. लहान मुलाला सुरुवात अर्ध्या किंवा एका मिलिग्रॅमनेच करतात, झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी. गोळी गिळली की लगेच झोप, असं ते चालत नाही.

बघ, पुन्हा दुकानातल्यासारखा बोलायला लागलो. तुला हे सगळं वाचता येतं, तू माझ्याहून जास्त शिकलेली आहेस. माझी भीती वेगळीच आहे आणि ती मी त्या रात्री बोललोच नाही. बोलायला तोंड नव्हतं म्हणून.

१९८८ चा श्रावण. तू चौदा महिन्यांची होतीस. आई टायफॉइडने दवाखान्यात. दिवसा मामी यायच्या, रात्री तू आणि मी. तू रात्री रात्री रडायचीस. खांद्यावर घेऊन मी माजघरात फेऱ्या मारायचो, खाली ठेवलं की पुन्हा सुरू. सकाळी आठला दुकान उघडायचं. चौथ्या-पाचव्या रात्री मी दुकानातून सर्दीचं सिरप आणलं, प्रोमेथाझिनचं. त्याने झोप येते हे मला माहीत होतं. त्या काळी पुष्कळ लोक देत, डॉक्टरही हरकत घेत नसत. अर्धा चमचा दिला आणि तू झोपलीस. मीही झोपलो. दुसऱ्या रात्री पुन्हा. असं अकरा रात्री. मधल्या एका रात्री अर्ध्याचा पाऊण चमचा केला.

अकराव्या रात्री मला जाग आली ती तुझा आवाज नाही म्हणून. हाक मारली, हलवलं, पायाला चिमटा काढला. तू डोळे उघडेपर्यंत किती वेळ गेला ते मी आजही सांगू शकत नाही. मग दिवस उजाडेपर्यंत तुझ्या नाकाखाली बोट धरून बसलो होतो. सकाळी तुला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, रडते एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "कान बघितला का?" मी काय बघणार? डावा कान आतून भरला होता, पडदा फुटून पू यायला लागला होता. दोन आठवडे तुला ठणका होता गं, आणि मी तुला झोपवत होतो.

तू अजूनही फोन उजव्या कानाला लावतेस.

कान फुटला हे आईला माहीत होतं. सिरपचं तिला मागच्या आठवड्यात सांगितलं, सदतीस वर्षांनी. ती काही बोलली नाही, उठून चहा केला. नंतर, २००४ साली, दोन वर्षांखालच्या मुलांना हे औषध देऊ नये, श्वास बंद पडू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेत बाटलीवर आला. मी ते दुकानात उभ्याने वाचलं आणि त्या दिवशी शटर लवकर ओढलं.

मेलाटोनिन म्हणजे ते सिरप नव्हे, हे वर लिहिलंय आणि मला पक्कं माहीत आहे. पण मूल का जागतं हे न विचारता झोपवलं तर काय होतं, ते मी बघितलंय. आणि इराचं मी सहा महिने बघितलं. ती तोंड उघडं टाकून झोपते, मान मागे टाकते. उशी घामाने ओली होते. घोरते. पाच वर्षांचं पोर रोज घोरतं हे साधं नाही. जूनमध्ये एकदा रात्री दोनला मी तिच्या दारात उभा राहिलो. घोरणं मध्येच थांबलं. मी हातातल्या घड्याळाकडे बघत राहिलो. आठ सेकंद. मग एकदम दचकल्यासारखा श्वास घेतला आणि कूस बदलली. थोड्या वेळाने पुन्हा, अकरा सेकंद. दीडला उठून रडते ती यामुळेच नाही ना? शाळेतून बाईंची चिठ्ठी आली होती, एका जागी बसत नाही म्हणून. झोप अपुरी झाली की मोठी माणसं पेंगतात, लहान मुलं उलट उधळतात.

नाकामागची गाठ वाढलेली असेल, अॅडेनॉइड म्हणतात ती. किंवा टॉन्सिल. गोळीने डोळा लागेल, पण ती गाठ गोळीने लहान होणार नाही. तिच्या डॉक्टरांना एवढंच सांग: घोरते, तोंडाने श्वास घेते, मध्ये थांबते. झोपेत दोन मिनिटं व्हिडिओ काढून दाखव, नुसतं सांगण्यापेक्षा ते बरं. रक्त काढणार असतील तर लोहाचा साठाही बघायला सांग, फेरिटिन. तो कमी असला तरी मुलं रात्री पाय झाडतात. काहीच निघालं नाही तर मी पहिला आनंदाने गोळीला हो म्हणेन. पण आधी बघा. तोंड उघडं टाकून झोपते गं ती.

तुमच्याकडे जुलैत साडेआठपर्यंत उजेड असतो, मला ते शेवटपर्यंत पचलं नाही. इराच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे आणि पडदा पातळ. कोलोरॅडो विद्यापीठात २०१८ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात बसवून बघितलं, तर त्यांच्या अंगातलं मेलाटोनिन जवळजवळ ८८ टक्क्यांनी घटलं. म्हणजे खिडकीतून घालवायचं आणि बाटलीतून द्यायचं, असं होतंय. जाड पडदा लावा. मी निखिलरावांना मापं काढून दिली आहेत, त्यांच्या टेबलाच्या खणात कागद आहे. आयपॅड जेवणाआधी बंद.

पुन्हा हुकूमच सोडले. रागावू नकोस. तिथे असतो तर एक रात्र तू झोप आणि एक रात्र मी उठतो, असं म्हटलं असतं. इथून काय करता येतं याचा विचार केला. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे इथले सकाळचे सहा. मी तेव्हा उठलेलाच असतो. रोज साडेआठला फोन लाव आणि इराच्या उशाशी पालथा ठेव, म्हणजे उजेड नको आणि माझं तोंडही दिसायला नको. तात्यांच्या बैलाची गोष्ट अर्धी राहिलीय, तो अजून नदीतच उभा आहे. मी सांगत राहीन. तू तेवढा वेळ पाठ टेक. ती झोपली की मला श्वासावरून कळेल, मग मी फोन ठेवीन. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की इथले सात होतील, तेही चालेल.

डॉक्टरांची तारीख मिळाली की कळव. निखिलरावांना आशीर्वाद, इराला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. ते स्टूल अजून स्वयंपाकघरातच आहे का? बाल्कनीत ठेव. आणि बाटली वरच्या कपाटात, कुलूप लावून.