गुळव्या मामांना, मनापासून

मामा, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी व्हायवा, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, झाली. गुळावरच्या प्रबंधाला शिवाजी विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. फोनवर तुम्ही "लई भारी झालं बघ" म्हणालात आणि लगेच गुऱ्हाळाच्या चुलवाणाकडं पळालात, त्यामुळं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पेट ही प्रवेश परीक्षा दिली, कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा मंजूर झाला, इथवर सगळं कागदावरचं होतं. खरं काम तुमच्या गुऱ्हाळावर, जिथं तुम्ही गुळवे म्हणून गूळ शिजवता तिथं, सुरू झालं. पहिले दोन आठवडे मी थर्मामीटर घेऊन काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, काठाशी उभी असायचे. पाक उतरवायचा तो ११८ ते १२० अंशांना, असं मी वाचून आले होते. एके दिवशी माझा आकडा ११२ वर होता आणि तुम्ही आदण, म्हणजे काहिलीतला तो घाणा, उतरवायला सांगत होता. मी म्हटलं, मामा, अजून वेळ आहे. तुम्ही काठीनं थोडा पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या कडेवर मारली. टण्ण असा आवाज आला. "कडंला कशाला धरलीयास पोरी? मधी उकळी फुटतीया तितं धर." मध्ये धरलं तर ११८! तोवरची माझी दोन आठवड्यांची मोजमापं चुकीच्या जागची होती, हे त्या गोळीच्या आवाजानं मला कळलं. त्यानंतरचं प्रत्येक मोजमाप मी मधोमध घेतलं, आणि दर वेळी तुमची गोळी आधी ऐकली.

तोडून ठेवलेला शिळा ऊस तुम्ही घाण्याला लावू देत नव्हता. तुमच्या लेखी तो "आंबलेला". प्रयोगशाळेत तेच दिसलं. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, तसला गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि पावसाळ्यात ढेप पाझरायला लागते. रसात चुन्याची निवळी किती घालायची, रस साफ करायला रानभेंडीचा चीक कधी सोडायचा, वर येणारी मळी कुठवर काढायची, हे मी तुमच्याकडून वहीत उतरवून घेतलं आणि मग त्याची कारणं शोधली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे ती वहीच आहे.

पिवळ्याधमक गुळाला सौद्यात भाव जास्त मिळतो, म्हणून रंग उजळायला हायड्रॉस हे रसायन घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तुम्ही तो कधी घातला नाही आणि त्यापायी दोन पैसे कमी घेतलेत. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावाची राखण तुमच्यासारखे गुळवे करतात, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि ते दुसरं वर्ष. पहिल्या हंगामाचे सगळे नमुने मी साध्या डब्यांत ठेवले होते. जूनच्या पावसात त्यांना पाणी सुटलं, बुरशी आली. एक अख्खा हंगाम वाया गेला असं समजून मी गाईडना तोंड दाखवत नव्हते. गावी जाऊन कुठं नोकरी बघावी, इथवर आले होते. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही काही न बोलता माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरवला. दर आदणाचा एक तुकडा घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीत कोळशानं तारीख घातलेली कागदाची चिठ्ठी. एकदा बोलता बोलता मी म्हणाले होते, "जास्तीचा तुकडा असता तर बरं झालं असतं." ते तुम्ही लक्षात ठेवलंत. एकोणचाळीस पिशव्या होत्या. त्यातल्या एकतीस वापरता आल्या. नियमानं पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, मला साडेपाच लागली. तो डबा नसता तर सहा वर्षांची मुदतही पुरली नसती.

ऋणनिर्देशाच्या पानावर गाईडच्या नावाखाली लगेच तुमचं नाव आहे. प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढेल, कुणालाही वाचता येईल. पण ते पान तुम्हाला मी स्वतः वाचून दाखवणार आहे. दिवाळीनंतर पहिलं आदण चढवायचं ठरलं की निरोप द्या. थर्मामीटरही घेऊन येते. तुमचा नातू मागत होता, तो त्याच्याकडेच राहू दे.

तुमची,
थर्मामीटरवाली पोरगी