लंकेतली फुलं आणि कोकणातली लेणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी आणि माझे मिस्टर फेब्रुवारीत सतरा दिवस पाठीला सॅक लावून श्रीलंका फिरून आलो. माझं वय ५३, त्यांचं ५८. टूर कंपनी नाही, गाडी नाही, लोकल बस आणि ट्रेन, रहायला लोकांच्या घरातल्या खोल्या. प्रवासवर्णन लिहायला हे पत्र नाही, मला आपल्या कोकणातल्या लेण्यांबद्दल बोलायचंय, पण ते डोक्यात तिकडेच आलं त्यामुळे सुरुवात तिकडूनच करते.

कोलंबोहून गॉलला जाणारी ट्रेन समुद्राला इतकी चिकटून जाते की खिडकीतून तोंडावर खारा वारा येतो. वाटेत पेरलिया लागतं, २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीनं अख्खी ट्रेन उलथवली ती जागा, तिथे आमच्या डब्यातल्या दोन बायकांनी हात जोडले. पुढे उनावटुना, वेलिगामा, मिरिस्सा. माड, होड्या, माशांचा वास, सगळं आपल्या गुहागर-वेळणेश्वरसारखंच. वेलिगामाला सकाळी घरमालकिणीनं पुढ्यात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या शेवया, ठेवले हो! त्यांचं नाव वेगळं, आपण नारळाचा गोड रस घेतो आणि ती नारळाच्या दुधातली डाळ आणि लाल मिरचीची खोबऱ्याची चटणी देते, पण साच्यातून पाडलेले ते शिरवाळेच.

मग बसनं वर गेलो, दंबुल्ला, सिगिरिया, पोलोन्नरुवा, अनुराधपूर. दंबुल्लाच्या गुहांमध्ये छताच्या खडकाला जसे उंचसखल भाग आहेत तसंच त्यावरचं चित्र वळत जातं, बघताना वाटतं वर रंगीत कापड ताणलंय. दुसऱ्या गुहेत एका जागी छतातून पाणी ठिबकतं, खाली भांडं ठेवलंय, ते पाणी पूजेला वापरतात. आणि बाहेर, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून गुहेच्या तोंडावरच्या खडकाला जी खाच कोरलीय तिच्याखाली ब्राह्मी अक्षरं आहेत. मिस्टर म्हणाले, अगं ही तर आपल्या लेण्यांतलीच लिपी. तेव्हापासून आमचं दोघांचं तेच सुरू झालं, इथे हे आहे, मग आपल्याकडे का नाही.

पण खरं मनाला लागलं ते अनुराधपूरला. तिथला बोधिवृक्ष सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने नेलेल्या, बोधगयेच्या बोधिवृक्षाच्या फांदीचा मानतात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. बाहेर कमळं विकायला बसलेली एक आजी होती. आम्ही घेतलेल्या कळ्या तिनं परत मागितल्या, आम्हाला कळेना काय चुकलं, तर तिनं एकेक पाकळी हातानं आत दुमडून कळीचं उमललेलं फूल करून दिलं, दहा कळ्या, एकही पाकळी फाटली नाही. मोजताना ती बोलत होती, एक, देक, तुन... अट म्हणजे आठ, दहय म्हणजे दहा, आम्ही बरोबर मोजायला लागलो तर खूप हसली. आत सगळे अनवाणी, फरशी तापलेली, डोक्यावर टोपी नाही, गुडघे-खांदे झाकलेले, बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. एका परदेशी मुलानं सेल्फीसाठी पाठ वळवली तर शेजारच्या शाळकरी मुलीनं हळूच त्याच्या दंडाला हात लावून सांगितलं आणि तो ओशाळून वळला. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, तिथल्या सगळ्यांनाच ती जागा आपली वाटते म्हणून होतं हे.

परत आल्यावर महिन्याभरात आम्ही कोकणातल्या एका लेण्यात गेलो. नाव लिहीत नाही, उगाच त्या गावाला बोल लागेल. फाट्यावर पाटी नाही, गुरं राखणाऱ्या एका काकांनी वाट दाखवली. आत स्तूपावर खडूनं दोन नावं आणि बदाम, कोपऱ्यात वेफर्सची पाकिटं, आणि चपला घालून स्तूपाच्या चौथऱ्यावर बसून जेवणारी चांगली शिकलेली मंडळी. मी बोलले तर म्हणाले, इथे कुठे देव आहे. मला रडू आलं, खरं सांगते.

संपादकसाहेब, लंकेचा जुना इतिहास सांगणाऱ्या महावंसात लिहिलंय की लंकेचा पहिला राजा मानल्या जाणाऱ्या विजयाचं जहाज लंकेला पोचायच्या आधी सुप्पारकला लागलं. हे सुप्पारक म्हणजे आपलं नालासोपारा! तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडलेत, १८८२ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणून काढला. लोकल पकडून जाता येतं तिथे, किती जण जातात? अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात सिंहल नावाचा व्यापारी लंकेत उतरल्याचं भलंमोठं चित्र आहे. तळा तालुक्यातली कुडे लेणी राजपुरी खाडीच्या काठी आहेत, २६ लेणी, आणि तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये राजघराण्याबरोबर लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे. फुलांवर पोट असलेल्या माणसानं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात लेणं खोदायला पैसे दिले आणि आपलं नाव कोरलं. अनुराधपूरच्या त्या आजीचाच भाऊबंद की हा. पण हे मराठीत, उभं राहून वाचता येईल अशा अक्षरात कोकणातल्या किती लेण्यांपाशी लिहिलेलं दिसतं? दापोलीजवळ पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, बौद्ध आहेत, नंतरची नाथपंथाची आहेत, शेजारून नदी वाहते. दापोलीला बीचवर येणाऱ्या गाड्यांपैकी तिकडे वळणाऱ्या फारच थोड्या.

समुद्र आणि जुनी बौद्ध लेणी एकाच दिवसात बघता येतील असा किनारा आपल्याकडे आहे आणि आपण मात्र विमानाचं तिकीट काढून ते बघायला जातो, आम्हीही गेलोच, त्याचं वाईट वाटत नाही, पण इथे येणाऱ्याला वाट सापडावी एवढं तरी व्हायला हवं. लंकेत आम्ही भाषा येत नसताना सगळीकडे पोचलो ते फाट्याफाट्यावर सिंहली, तमिळ, इंग्रजी अशा तीन भाषांतल्या पाट्या होत्या म्हणून आणि बस कंडक्टरला देवळाचं नाव सांगितलं की तो बरोबर उतरवायचा म्हणून. माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक लेण्याच्या फाट्यावर मराठी पाटी, जवळचा बस थांबा त्यावर लिहिलेला. आत शिलालेखाचा साध्या मराठीत अर्थ, कोणी दिलं, काय काम करायचा तो. स्तूप असलेल्या दालनाबाहेर चपलांसाठी एक साधं लाकडी मांडण आणि चपला काढायची विनंती. आपल्याकडे काही ठिकाणी बौद्ध बांधव, तरुण पोरं रविवारी लेण्यांवर वंदनेला जातात, झाडलोट करतात, शिलालेख वाचायला शिकवतात, त्यांना बरोबर घेतलं तर हे काम दुप्पट वेगानं होईल, कारण त्यांना ती जागा आपली वाटते.

आणि शाळांना कळकळीची विनंती, सहल वॉटरपार्कला न्यायचीच असेल तर न्या, पण एक दिवस तरी लेण्याला न्या आणि मुलांना त्या माळ्याचा लेख दाखवा.

आम्ही दोघं दिवाळीनंतर पुन्हा कुड्याला जाणार आहोत. त्या माळ्याच्या लेखापाशी ठेवायला कमळं नेणार आहे, पाकळ्या दुमडायला मी शिकून आलेय. फाट्यावरच्या पाटीचा खर्च कुणी मागितला तर आम्ही आमच्या पेन्शनमधून द्यायला तयार आहोत, फक्त परवानगी कुणाकडून घ्यायची ते आपल्या पेपरातून कळलं तर उपकार होतील.

आपली,
एक वाचक, चिपळूण