14 नंबरच्या बेडचं काय झालं?

बाळा,

फोनवर मला नीट बोलता येत नाही म्हणून व्हॉट्सॲपवर लिहायलोय, ड्युटी सुटली की निवांत वाच.

3 मे 2021 ला बातमी आली की नीट पीजी, म्हणजे एमबीबीएसच्या पुढच्या शिक्षणाची परीक्षा, कमीत कमी 4 महिने पुढं, तुझ्यासारख्या इंटर्न डॉक्टरलाही कोविड ड्युटी, 100 दिवस केले की सरकारी भरतीत प्राधान्य. तू चिडलीस, बरोबरच हाय, वर्षभर पुस्तकात डोकं घातलं होतंस, वरून 11 हजार स्टायपेंड अन् तो बी वेळेवर नाही. त्याच्यासाठी भांडा सगळ्यांनी मिळून. लोकांनी देव म्हणलं म्हणून मेसचं बिल भरत नसतंय.

परवा रात्री रडलीस, पप्पा आता नाही होत म्हणलीस, तवा मी गाडीची चावी हातात घेतली होती. अन् तेवढ्यात तूच सांगायला लागलीस 14 नंबरच्या आजोबाचं. पालथं झोपायला काही केल्या ऐकंनात, मग तू पीपीई किटवर मार्करनं तुझं अन् आपल्या गावाचं नाव लिहिलं, ते वाचून म्हणले, "आमच्या सोयऱ्याच्या गावची व्हय तू?" अन् मुकाट पालथे झाले, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 84 वरून 91 ला आलं. हे सांगताना तुझा आवाजच बदलला बाळा. मी चावी परत खिळ्याला लावली.

1994 ला बीडकडं मामला गावात प्लेगचा संशय निघाला होता, किल्लारीच्या भूकंपाला वर्ष बी झालं नव्हतं. आपल्याकडं बी माणसं उंदीर दिसला की घर सोडायली. तवा एक शिकाऊ डॉक्टर टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घेऊन गावात आलता, मिसरूड फुटलेलं पोरगं. मी विचारलं, भेव नाही वाटत का? म्हणला, "वाटतंय की. पण माझा रूमपार्टनर पुढच्या गावात गेलाय, मी पळालो तर त्याला तोंड कसं दाखवू?"

तुझी रूममेट पॉझिटिव्ह आली अन् तिच्या दोन नाईट तू केल्यास, मला न सांगता, तवा तेच पोरगं आठवलं. टाळ्या-थाळ्यानं माणूस पहाटे 4 ला उठत नाही. शेजारची कॉट रिकामी हाय अन् तिकडं बेडवर कुणीतरी वाट बघायलंय, त्यानं उठतंय.

दूधगाडीवाल्याकडं दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी दिलीय, दोघींची. तिला चव येत नसली तरी खायला लाव. अन् 14 नंबरचं काय झालं ते कळव, तुझी आई रोज विचारायली.

पप्पा