अम्मीचा कुनूत आणि अब्बांचे फॉरवर्ड

पुणे, बुधवार, 14 मे 2025

अम्मी, अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

फोनवर आपलं वाजलं की मी पत्र लिहायला बसते, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. भाचा शुक्रवारच्या एसटीने श्रीवर्धनला निघालाय, त्याच्या हाती देते. अब्बा, डोळ्यात ड्रॉप घालून थोडं थांबा आणि मगच वाचा, नाहीतर अम्मीकडून वाचून घ्या. तिने मधलं काही गाळलं तर मला कळेलच.

या मेमध्ये येता आलं नाही, थोरल्याची सीईटी मानेवर होती. आले असते तर हे सगळं पडवीत बसून, फणस फोडता फोडता बोलून झालं असतं. कदाचित बोललोही नसतो. फणस फोडताना अब्बा कुणाचं ऐकतात?

आधी अम्मीचा प्रश्न घेते, कारण तो जास्त अवघड आहे. भारत-पाकिस्तानची शस्त्रसंधी झाली त्याच्या आदल्या रात्री तू मला विचारलंस, "फजरला कुनूतसाठी हात उचलते तेव्हा कोणासाठी मागू? लेकरं तर दोन्हीकडे आहेत." मी काहीतरी सांगून फोन ठेवला. नंतर झोप लागली नाही.

आपण शाफई पंथाचे, आपल्याकडे फजरला, पहाटेच्या नमाजात, रोज कुनूत, म्हणजे हात उचलून मागायची दुआ. इथे शेजारी सगळे हनफी पंथाचे, त्यांच्याकडे फजरला तो रोज नसतो. पण लढाईच्या त्या चार दिवसांत इथल्या इमामसाहेबांनीही फजरला कुनूत पढला, असं थोरला सांगत आला. "अम्मी, आज आपल्या गावासारखी नमाज झाली!" मोठं संकट कोसळलं की पढायचा तो कुनूत-ए-नाज़िला. बिअर मऊनाजवळ कुरआन शिकवायला निघालेल्या सत्तरेक सहाबांना, पैगंबरांच्या साथीदारांना, दगा देऊन मारलं, तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी महिनाभर तो पढला, मारणाऱ्या टोळ्यांची नावं घेऊन. म्हणजे जुलूम करणाऱ्याविरुद्ध अल्लाहकडे दाद मागायला दीनमध्ये जागा आहे, अम्मी. पहलगामला बैसरनच्या कुरणात ज्यांनी धर्म विचारून माणसं मारली, त्यांच्याविरुद्ध हात उचलताना तुझं मन चाचरू नये.

पण याच्याच शेजारी दुसरी एक गोष्ट आहे. बुखारीच्या हदीस संग्रहात येतं की हुजूर सफवान बिन उमय्या, सुहैल बिन अम्र आणि हारिस बिन हिशाम यांच्यासाठी बददुआ करत होते आणि तेव्हा कुरआनच्या आले-इमरान सूरहची 128वी आयत उतरली : या बाबतीत तुमच्या हाती काही नाही, अल्लाह त्यांना माफ करेल किंवा शिक्षा देईल. पुढे ही तिन्ही माणसं मुसलमान झाली. त्यातला सुहैल म्हणजे हुदैबियाच्या तहात 'रसूलुल्लाह' हा शब्द खोडायला लावणारा तोच! हे वाचल्यापासून मला कुणाच्या नावाने बददुआ मागायची भीतीच वाटते. तेव्हा मला जे सुचतं ते असं. आपल्या देशासाठी माग, सीमेवरच्या जवानांसाठी माग, पूंछमध्ये घरावर तोफगोळे पडून गेलेल्यांसाठी माग. जुलूम करणाऱ्याचा हात धरून ठेव म्हणून माग. आणि पलीकडची लेकरं दुआतून वगळू नकोस. मौलाना वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐक. मी धर्म शिकलेली आलिमा नाही, मराठीची मास्तरीण आहे.

आता अब्बा.

तुम्ही 'खानदान' ग्रुपवर तीन दिवसांत सतरा व्हिडिओ टाकलेत. मी मोजले. त्यातले निम्मे एकच सांगत होते, की पहलगामचं सगळं रचलेलं आहे, मुसलमान असं करूच शकत नाही. मी फोनवर म्हटलं, "अब्बा, हे थांबवा," तर तुम्ही म्हणालात, "पुण्यात राहून तू पण त्यांच्यासारखी झालीस." ते मला लागलं. माझ्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

24 एप्रिलला स्टाफरूममध्ये आम्ही पेपर तपासत होतो. पहलगाममध्ये गेलेल्या सव्वीस जणांत पुण्याचे दोघे होते, डोंबिवलीचे तिघे, पनवेलचे एक. सगळे गप्प होते. तेवढ्यात गणिताच्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्यात याबद्दल काय म्हणतात हो?" त्यात वाईट हेतू नव्हता, पण 'तुमच्यात' हा शब्द फार दूरवर नेऊन ठेवतो. दुसऱ्या एकीने मोबाइल पुढे केला, सूरह तौबाची पाचवी आयत : मुशरिक, म्हणजे अनेक देव मानणारे, दिसतील तिथे मारा. मी म्हटलं, पुढची वाचा. सहावी. त्यांच्यातला कुणी आसरा मागत आला तर आसरा द्या, अल्लाहचं म्हणणं त्याला ऐकू द्या, मग त्याच्या सुरक्षित जागी पोचवून या. चौथीत सांगितलंय की ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी तुम्हीही पाळा. करार मोडणाऱ्या एका टोळीशी चाललेल्या लढाईची ती आयत आहे. बाई वाचत राहिल्या. पटलं की नाही माहीत नाही, पण मोबाइल खाली गेला.

अब्बा, तिथे मी माफी मागितली नाही. का मागू? कुणीही दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही, हे अन्आममध्ये आलंय, 164व्या आयतीत. बंदूक चालवणाऱ्याच्या गुन्ह्याचा हिशोब माझ्याकडे नाही. पण "हे घडलंच नाही" असंही मी म्हणू शकले नाही. हुजुरातची सहावी आयत तुम्हीच मला लहानपणी पाठ करवली होतीत : एखाद्या फासिकाने, बेभरवशाच्या माणसाने, खबर आणली तर खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाला इजा कराल आणि मग केल्याचा पस्तावा होईल. त्या चार दिवसांत वाहिन्यांनी बातम्यांतच कराची बंदर उडवलं, कुणी व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरवली. पूंछच्या मदरशात शिकवणारे एक मौलवी गोळीबारात गेले, तर काही वाहिन्यांनी त्यांनाच दहशतवादी ठरवलं आणि पोलिसांना खुलासा करावा लागला. त्याचा तुम्हाला संताप आला, मलाही आला. पण अब्बा, तुमचे सतरा व्हिडिओ त्याच बाजारातले होते, फक्त दुकान आपल्या लोकांचं.

आणि निसाची 135वी. न्यायावर ठाम उभे राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या विरुद्ध, आई-बापांच्या विरुद्ध, नातलगांच्या विरुद्ध का जाईना. आयतीतच आई-बापांचं नाव आहे म्हणून एवढं लिहायचा धीर केला.

तुम्हाला राग का येतो ते मला कळतं. आपण शेखाडीच्या शेजारची माणसं. फेब्रुवारी 1993 मध्ये तिथल्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि 12 मार्चला, रमजानच्या जुम्याला, मुंबईत 257 माणसं गेली. मी तेव्हा सातवीत होते. पुढे कितीतरी महिने पाखाडीवर गाडीचा आवाज आला की अम्मी आम्हाला माजघरात ढकलायची. मुंबईत बोर्डिंगसाठी 'श्रीवर्धन' सांगितलं की मालकाचा चेहरा बदलायचा, हे तुम्हीच सांगायचात. ज्यांनी ते उतरवलं त्यांनी आम्हालाही बुडवलं, असं दादा, तुमचे अब्बा, म्हणायचे. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींचा बदला, असं कुणी म्हणालं तर दादा ओटीवरून उठून जायचे. किसास, म्हणजे जिवाचा बदला, मारणाऱ्याकडून घेतात, तोही काजीपुढे, शेअर बाजारात डबा खायला बसलेल्या कारकुनाकडून नाही, हे त्यांचं वाक्य मला तसंच्या तसं आठवतं. दादा चौथी शिकलेले. आज मोठमोठे आलिम हेच हिराबा आणि फसादच्या, म्हणजे दहशत आणि उपद्रव माजवण्याच्या, मसल्यात सांगतात. फेब्रुवारी 2008 मध्ये देवबंदच्या दारुल उलूम मदरशाने हजारो आलिम बोलावून हेच जाहीर केलं. 2014 साली जगभरच्या सव्वाशे आलिमांनी आयसिसच्या बगदादीला खुलं पत्र लिहिलं, त्यातही हेच, की निरपराध माणसाला मारणं हराम आहे. लोक विचारतात, "मुसलमान बोलत का नाहीत?" बोलतात हो. कॅमेरा दुसरीकडे असतो.

माइदाची 32वी तर टीव्हीवर सगळ्यांना पाठ झालीय : एका जिवाला मारणं म्हणजे साऱ्या माणसांना मारणं. वर्गात शिकवल्यासारखं सांगते, रागावू नका. ती आयत बनी इस्राईलच्या संदर्भात आलीय आणि तिच्यापुढची 33वी जमिनीवर फसाद माजवणाऱ्यांच्या कडक शिक्षेची आहे. दोन्ही एकत्र वाचल्या की कळतं, हे नुसतं गोड सुभाषित नाही, कायदा आहे.

एका गोष्टीवर मात्र माझं मन अजून ठरत नाही. 26/11 नंतर मारल्या गेलेल्या त्या नऊ हल्लेखोरांची मय्यत मुंबईच्या बडा कब्रस्तानात घ्यायला जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. तुम्ही तेव्हा म्हणालात, "बरं केलं, ते आमचे नव्हेतच." मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटतं, माती देणं फर्ज-ए-किफाया, साऱ्या समाजावरचं कर्तव्य, आहे आणि कोण आमचा हे ठरवणारे आपण कोण? पण त्या दिवसांत सीएसटीवर मेलेल्यांत मुसलमानही होते आणि ट्रस्टकडे दुःख सांगायला दुसरी भाषाही नव्हती. अखेर जानेवारी 2010 मध्ये सरकारने कुठेतरी गुपचूप पुरलं त्यांना. याचं उत्तर तुम्हीच द्या, मला सापडत नाही.

आणि युद्धाचं म्हणाल तर तुमच्याइतकं ते आपल्या घरात कुणी पाहिलेलं नाही. 2 ऑगस्ट 1990. कुवेतच्या गोदामात तुम्ही झोपला होतात आणि सकाळी रस्त्यावर इराकी रणगाडे. मग बगदाद, वाळवंटातला तंबू, अम्मान आणि तिथून एअर इंडियाचं विमान. पाचशेच्या आसपास उड्डाणं करून आपल्या सरकारने पावणेदोन लाखांच्या घरात माणसं आणली, त्यातले तुम्ही एक. घरी आलात तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी होती, त्यात नमाजाचा मुसल्ला आणि माझ्यासाठी पेन्सिलींचा डबा. मारणाराही कलमा पढणारा आणि मरणाराही. सद्दामने पुढे जानेवारीत झेंड्यावर 'अल्लाहु अकबर' लिहून घेतलं, तेव्हा तुम्ही रेडिओ बंद करून म्हणाला होतात, "झेंड्यावर लिहून रणगाड्याचं पाप जातं होय?" मला तेच अब्बा हवेत, अब्बा. सतरा व्हिडिओवाले नकोत.

माघारी जाताना त्या फौजेने सहाशेंहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. पहिले खलिफा हजरत अबूबक्र यांनी शामला, म्हणजे सीरियाकडे, फौज पाठवताना सेनापतीला दिलेल्या सूचना वाचताना मला दर वेळी तो धूर आठवतो. बाईला, मुलाला, म्हाताऱ्याला मारू नका. मठात बसलेल्यांना त्यांच्या जागी राहू द्या. फळ देणारं झाड तोडू नका. वस्ती उद्ध्वस्त करू नका. बकरी, उंट खाण्यापुरतेच कापा. शत्रूच्या मुलखातली झाडं, अब्बा! निसर्ग वादळात 3 जून 2020 ला आपल्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. सात-आठ वर्षं राखल्याशिवाय पोफळ हाती काही देत नाही, हे जाणणाऱ्या माणसाला ही सूचना मौलानाने समजावून द्यायला लागत नाही. वाडीवाल्याला ती आतून कळते. तुम्ही ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर हे टाका, तुमच्या आवाजात. कुवेतचं सांगा. नातवंडांना ते नीट माहीतच नाही. थोरल्याला वाटतं तुम्ही तिथे 'फिरायला' गेला होतात.

आणखी एक. पहलगाममध्ये पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला घोडेवाला सय्यद आदिल हुसैन शाह गोळ्या लागून गेला. दुसऱ्या दिवशी काश्मीर बंद होतं आणि मशिदींच्या भोंग्यांवरून निषेध झाला. तुमच्या सतरा व्हिडिओंत तो एकदाही नव्हता. सगळं रचलेलं म्हटलं की आदिलही पुसला जातो, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

नाक्यावरच्या हॉटेलात जाणं तुम्ही बंद केलंय, असं अम्मी म्हणाली. कुणी काय बोललं ते विचारत नाही. पण चाळीस वर्षांचा चहा आहे तो, बर्वेकाका वाट बघत असतील. त्यांना निरोप पाठवू का, की तुम्हीच जाल?

अम्मी, सांदणाचा रवा धुऊन वाळवून ठेव, बकरी ईदला आम्ही चौघे येतो. तुझी गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही. चिठ्ठी डब्याला चिकटवली आहे ती काढू नकोस. आणि अब्बा, वाडीतला रोठा, आपली सुपारी, या वर्षी किती निघाला ते कळवा. गणिताच्या बाईंच्या सासऱ्यांना श्रीवर्धनचीच सुपारी लागते, त्यांनी दोन किलो सांगितलीय. पैसे आधीच देत होत्या, मी घेतले नाहीत.

तुमची,
धाकटी