कर्ज काढा, पण आधी काम तयार ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर पुणे महापालिकेत पुन्हा नगरसेवक आले आहेत. आता अंदाजपत्रकावर भाषणे होतील, ‘स’ यादीतल्या, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांसाठी ओढाताण होईल. त्या गडबडीत दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या कामांकडे दुर्लक्ष होऊ नये, म्हणून हे पत्र.

समान पाणीपुरवठा योजनेसाठी जून 2017 मध्ये महापालिकेने 200 कोटींचे कर्जरोखे काढले. व्याज 7.59 टक्के, मुदत 10 वर्षे. मुंबई शेअर बाजारात नोंदणीचा सोहळा झाला, मोठे कौतुक झाले. हवे होते त्याच्या कितीतरी पट पैसे द्यायला गुंतवणूकदार तयार होते. तयार नव्हते ते काम. जलवाहिन्यांच्या निविदा चढ्या दराने आल्या म्हणून त्याच वर्षी रद्द कराव्या लागल्या आणि फेरनिविदा निघाल्या. वर्षाला 15 कोटींच्या वर व्याज मात्र सुरू झाले होते. मुळा-मुठेत सोडले जाणारे मैलापाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या ‘जायका’ या सरकारी मदतसंस्थेचे कर्ज मिळाले, त्याचा करार 2016 च्या जानेवारीतला. 11 शुद्धीकरण केंद्रांचा तो प्रकल्प प्रत्यक्ष मार्गी लागायला 2022 उजाडले. पुण्याला कर्ज कोणी देत नाही असे नाही. जागा ताब्यात नसते, परवानग्या अर्धवट असतात, निविदा वादात अडकते, आणि खर्चाचा आकडा दरवर्षी फुगत जातो.

माझा कर्जाला मुळीच विरोध नाही. आज टाकलेली मोठी जलवाहिनी पुढच्या पिढीलाही पाणी देणार असेल, तर तिचा सगळा भार आजच्याच करदात्याने का उचलावा? अहमदाबादने 1998 मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले. त्याआधी त्यांनी जकातवसुली सुधारली, हिशेब नीट लावले आणि पतमानांकन करून घेतले. आपल्याकडे जकात 2013 मध्ये गेली, पाठोपाठ तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) ही गेला. आता मिळकतकर, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि सरकारकडून येणारे जीएसटीचे अनुदान यांवरच मुख्य भिस्त आहे. बांधकाम व्यवसाय मंदावला की त्यातला एक पाय लगेच लंगडतो. अशा उत्पन्नावर दहा वर्षांची कामे उभी करायची तर नियोजनही दहा वर्षांचे हवे.

ते मोडते वर्गीकरणामुळे, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवल्यामुळे. मोठ्या प्रकल्पाला तरतूद दाखवायची, तो रखडला की ती रक्कम ‘अखर्चित’ म्हणून प्रभागातल्या पदपथाकडे, ब्लॉक बसवण्याकडे वळवायची आणि मार्चअखेर बिले काढायची. प्रकल्पाला जागा मिळते त्या वर्षी तिजोरीत त्याच्यासाठी काहीच उरलेले नसते. रस्त्यांवर तर हा कारभार नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर चढवतात, चेंबरचे झाकण वीतभर खोल जाते, दुचाकीस्वार ते चुकवायला बाजूच्या बसपुढे येतो. मग झाकण वर उचलायचे वेगळे काम निघते. तेवढ्यात जलवाहिनीसाठी तोच रस्ता खोदायची वेळ येते. पाणी, मलनिस्सारण आणि पथ या तीन खात्यांनी एका नकाशावर पुढच्या पाच वर्षांची खोदाई आखली असती, तर यातला निम्मा खर्च झालाच नसता, असे मला वाटते.

2025-26 चे अंदाजपत्रक 12,618 कोटींचे होते. त्यातले सुरू झालेले प्रत्येक मोठे काम पूर्ण व्हायला अजून किती लागणार आणि पुढच्या कोणत्या वर्षी किती द्यावे लागणार, हे त्या कामासमोरच छापले पाहिजे. या रकमांचे वर्गीकरण मुख्य सभेत कारण नोंदवून, मतदान घेऊनच व्हावे. पंप, टाक्या, शुद्धीकरण केंद्रे चालवायचा आणि दुरुस्तीचा खर्च कुठून येणार, हे मंजुरीच्या वेळीच ठरावे. तो आज फारसा कोणी विचारत नाही, म्हणून बांधलेले बंद पडते. समाविष्ट गावांसाठी हे अधिकच तातडीचे आहे. सिंहगड रस्ता परिसरात 2025 च्या जानेवारीत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याची भीती किती खरी असते, ते सगळ्या शहराने पाहिले. गावे हद्दीत घेताना त्यांच्या जलवाहिन्यांचा खर्च कोणत्या वर्षी करणार, हे लिहून द्यायला नको का?

2017 च्या रोख्यांची मुदत 2027 मध्ये संपते. नवीन रोखे काढायचा प्रस्ताव येण्याआधी त्या 200 कोटींचा आणि त्यावर भरलेल्या व्याजाचा कामनिहाय हिशेब महापौर आणि आयुक्तांनी मुख्य सभेपुढे ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक मिळकतकरदाता, पुणे