वेळेवर मिळालेल्या नकाराबद्दल आभार

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. काउंटीच्या नोकरीतल्या माणसाला जाहीर कौतुकही कधीकधी महागात पडतं. पण उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी मंडळींना कळू दे की तुम्ही आमच्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ऑक्टोबर लागताच पाठवलेला चार ओळींचा नकार.

पेट्रोलवर चालणाऱ्या लीफ ब्लोअरवर (पाला उडवणाऱ्या यंत्रावर) बंधन घालायचा अधिकार राज्याकडून मिळावा, ही आमची मागणी. काउंटी स्वतःहून जी बिलं मांडायला लावते त्या यादीत ती यंदा बसणार नाही, शाळा आणि मेट्रोचा निधी आधी आहे, असं तुम्ही स्वच्छ कळवलंत. इतरांनी मांडलेल्या बिलांवर काउंटी आपलं मत नोंदवते त्या ‘भूमिका’ या भागात एक वाक्य घालता येईल. बिल मांडणारा डेलिगेट किंवा सिनेटर, म्हणजे राज्य विधिमंडळाचा सदस्य, मात्र तुम्हीच गाठा, आणि नोव्हेंबरातच गाठा. बस्स, एवढंच.

यात आभार कसले, असं बाहेरच्याला वाटेल. व्हर्जिनियात डिलन रूल चालतो: राज्याने कायद्याने दिला नाही तो अधिकार काउंटीला नाही. सुपरवायझरांच्या, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डाच्या, सभेत कितीही माना डोलल्या तरी गाडी राज्याच्या राजधानीत, रिचमंडलाच अडते. तिथलं विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं. सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी एरवी ४६. अधिवेशनाआधी दाखल करायच्या बिलांचा मसुदा करून घ्यायची मुदत त्याच्या बरीच आधी टळलेली असते. क्रॉसओव्हरच्या दिवसापर्यंत, म्हणजे बिलं दुसऱ्या सभागृहाकडे जायच्या मुदतीपर्यंत, बिल आपल्या सभागृहातून पार झालं नाही, तर खेळ खलास. त्यामुळे जानेवारीत आलेला होकारसुद्धा फारसा कामाचा नसतो.

‘चांगला मुद्दा आहे, नक्की बघू’ म्हणणारे आधी भरपूर भेटले. फोटोही काढले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर एक अख्खं अधिवेशन फुकट गेलं नसतं. गोड बोलून ताटकळत ठेवण्यापेक्षा तोंडावर कारण सांगणारा माणूस समोरच्याला शहाणा समजत असतो, आणि सरकारी कचेरीत असा मान मिळणं दुर्मीळच. आणि कारणही पटण्यासारखं होतं. विधिमंडळाच्याच जेएलएआरसी या तपासणी आयोगाने २०२३ मध्ये दाखवून दिलं की व्हर्जिनियातल्या शाळांना विद्यार्थ्यामागे देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पैसा मिळतो. त्यापुढे ब्लोअरचा आवाज मागेच राहणार.

आमच्या मागणीच्या मसुद्यावर पेन्सिलीने केलेली दुरुस्तीही विसरण्यासारखी नाही. राज्यभर बंदीची मागणी खोडून तुम्ही लिहिलंत: ज्या काउंटीला हवं तिला अधिकार द्या. सक्ती म्हटली की ग्रामीण भागातले सदस्य पहिल्याच उपसमितीत बिल बाजूला ठेवतात. ऐच्छिक म्हटलं की त्यांना विरोधाचं कारण कमी उरतं. प्लॅस्टिक पिशव्यांचा कर असाच आला. २०२० च्या कायद्याने पिशवीमागे ५ सेंट लावायची फक्त मुभा दिली. फेअरफॅक्स, आर्लिंग्टन आणि अलेक्झांड्रियाने २०२१ मध्ये ती वापरली आणि १ जानेवारी २०२२ पासून कर सुरू झाला. ज्यांना नको होता त्यांच्यावर तो कुणी लादला नाही.

आणि ते ‘भूमिके’तलं एक वाक्य! ते असलं की उपसमितीत काउंटीचा माणूस उठून ‘आमचा पाठिंबा’ म्हणू शकतो. नसलं तर मनात असूनही त्याला गप्प बसावं लागतं, कारण बोर्डाने मान्य केलं नाही ते बोलायची त्याला मुभा नाही. साक्षीला जेमतेम मिनिटभर वेळ मिळतो, तिथे ते दोन शब्द आमच्या पानभर निवेदनाहून जड ठरतात. बोर्डासमोरच्या कागदांत ते वाक्य जसंच्या तसं दिसलं तेव्हा कळलं की नकार देऊन तुम्ही हात झटकले नव्हते.

नाव इथे नाही, पण तुमच्या वरिष्ठांना आणि आपल्या भागाच्या सुपरवायझरना नावासकट इंग्रजी पत्र गेलेलं आहे.

तुमचे आभारी,
लीफ ब्लोअरवाले