सनमायकाखाली कुजलेलं लाकूड

महोदय,
माझ्या पिकअपवर प्लायवूडची झोपायची खोली आहे. बायको तिला खुराडं म्हणते. यंदा पावसाळ्यानंतर छताच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचला, तर भिजलेल्या पावात जावा तसा आत गेला. पाणी स्क्रूच्या भोकातून झिरपत होतं. सुतार म्हणाला, वरून सनमायका मारू! अहो, लाकडात २० टक्क्यांवर ओल राहिली की बुरशी आतून खातच राहते. शेवटी कुजकं कापलं, महिनाभर वाळू दिलं, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय बसवला. गाड्यांवर अशा खोल्या बांधून देणारे सांध्यात सीलंट भरायला का कंटाळतात? दोन ट्यूब पुरल्या असत्या.

– एक निवृत्त फिटर, कोपरखैरणे, नवी मुंबई